दोन बोटांचा फरक

मी फुटबॉलच्या गोलपोस्टची आडवी दांडी बोलतेय. हो, दोन खांबांच्या डोक्यावर जन्मभर पडून असलेली तीच. आडवी असले तरी आळशी नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात आम्ही पुष्कळ नळ्या होतो. बाकीच्यांचे जिन्याचे कठडे झाले. माझ्या वाट्याला पांढरा रंग आणि एका व्यावसायिक क्लबचं मैदान आलं. कठड्याला कोणी शिव्या देत नाही. मला अर्धं स्टेडियम देतं, आणि त्याच क्षणी उरलेलं अर्धं माझ्यावरून जीव ओवाळून टाकतं!

आमचा गोलकीपर ताडमाड, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. सामन्याआधी तो उडी मारून मला थोपटायचा आणि हळूच म्हणायचा, "ताई, सांभाळून घ्या हं."

कोचसाहेबांना ते मुळीच खपायचं नाही. "अरे, दांडीशी काय गप्पा मारतोस? नियोजन! सगळा खेळ नियोजनाचा आहे!"

त्या वर्षी समोरच्यांचे फटके सारखे माझ्यावर आदळायचे आणि बाहेर उडायचे. माझं अंग बधिर झालं, पण संघ विजेता ठरला. पोरं मरमर मेहनत करायची, ते मी नाकारत नाही. पेपरात मात्र छापून आलं, 'कोचची पोलादी भिंत'. पोलाद मी, आणि फोटो त्यांचा! साहेब ठिकठिकाणी भाषणं द्यायला लागले. विषय, 'यशाचं सूत्र'.

पुढच्या वर्षी खेळाडू तेच, मेहनत तीच, सूत्रही तेच. पण आता चेंडू माझ्या खालच्या अंगाला लागून आत पडायला लागले. मी जागची तसूभरही हलले नव्हते, बरं का. साहेबांना मात्र माझाच संशय आला. एका दुपारी ते टेप घेऊन शिडीवर चढले.

"ही नक्की वाकलीय!"

मोजलं. पुन्हा मोजलं. उंची बरोब्बर निघाली. लंबू खाली शिडी धरून उभा होता, हसू दाबता दाबता शिडीच हलायला लागली.

शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती, तरी संघ वरच्या गटात टिकला असता आणि साहेब नोकरीत. अगदी संपता संपता समोरच्यांना पेनल्टी मिळाली. लंबूनं मला थोपटलं. आणि पलीकडे, रेषेबाहेर, साहेबांचेही ओठ पुटपुटताना दिसले, "ताई, सांभाळून घ्या."

फटका आला, माझ्यावर आदळून खाली गेला. मी म्हटलं, सुटलो! तेवढ्यात तो लंबूच्या पाठीवर आपटला आणि आत गेला.

साहेबांना काढलं. जाताना पिशवी खांद्याला लावून ते माझ्याखाली लंबूशेजारी येऊन उभे राहिले.

"लंबू, गेल्या वर्षी मी फार हुशार होतो. यंदा गाढव झालो. मधे नक्की बदललं तरी काय रे?"

लंबूनं दोन बोटं जुळवून दाखवली. "साहेब, एवढंच."

दोघं असे हसले की डोळे पुसावे लागले. कोणाचे कशानं ओले झाले, ते मी विचारलं नाही.

मग नवे कोच आले. पहिल्याच सामन्यात एक सणसणीत फटका माझ्यावर आदळून बाहेर गेला आणि आम्ही जिंकलो. "काय शिस्त लावलीय!" म्हणत लोकांनी नव्या साहेबांच्या नावाचा गजर केला.

माझ्या मागच्याच रांगांमध्ये जुने साहेब बायकोबरोबर बसले होते. ते उठले आणि माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागले.

"अहो, बसा! लोक बघतायत. खेळाडू तिकडे आहेत."

"त्यांच्यासाठी सगळे आहेत की. हिच्यासाठी कोण वाजवणार?"

आता माझा रंग उडालाय, एका जागी पोचाही पडलाय. पण उभी आहे, म्हणजे आडवी आहे. मैदानावर आलात, तर जिंकणाऱ्यांचं कौतुक जरूर करा. हरणाऱ्याला मूर्ख ठरवण्याआधी मात्र एकदा वर माझ्याकडे बघा. आणि मला नवस बोलू नका हो. पुढचा चेंडू कुठे जाणार, ते मलाही तो अंगावर आदळल्यावरच कळतं.