किल्ली त्याच्या खिशात

बाई मुलाखतीला बसल्या त्या निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या. केस विंचरलेले, चष्मा लखलखीत पुसलेला, आणि आवाज येतो म्हणून पंखासुद्धा बंद करायला लावलेला. राज्याच्या राजकारणात आयुष्य घालवलेल्या बायकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमवायच्या, असं काम विद्यापीठानं काढलं होतं, आणि एक मुलगी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन त्यासाठी घरोघर हिंडत होती. बाई एके काळच्या गृहनिर्माण मंत्री, तेव्हा त्यांना वगळून चालणारच नव्हतं. मुलगी दारात आल्या आल्या बाई म्हणाल्या की फार उशीर केलात. ती वेळेवर आली होती, पण बाई हे सगळ्यांनाच म्हणत.

यंत्र सुरू केल्यावर मुलीनं आधी तारीख सांगितली आणि मग खोलीत कोण कोण आहे ते सांगितलं: बाई, त्यांच्या सूनबाई आणि ती स्वतः. हे कशाला, असं बाईंनी विचारलं. मुलीनं समजावलं की माणूस कुणासमोर बोलतंय त्यावर ते काय बोलतं हे ठरतं. उद्या आपण कुणीच नसू, तेव्हा ऐकणाऱ्याला निदान एवढं तरी कळायला हवं. हे बाईंना एकदम पटलं. ज्यांची निम्मी हयात सभागृहात गेली त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. नको वाटेल तो भाग तुम्ही म्हणाल तोवर बंद ठेवता येतो, कुणालाही ऐकवला जात नाही, असंही मुलीनं सांगून ठेवलं.

मग बाईंची गाडी सुटली. पहिल्या निवडणुकीत एका कार्यकर्त्यानं नवऱ्याच्या नावावर मतं मागायचा सल्ला दिला, तर मग त्यालाच उभा करा, मी घरी झोप काढते, असं त्यांनी त्याला सुनावलं होतं. मंत्री झाल्यावर पहिल्याच बैठकीत एका अधिकाऱ्यानं त्यांना चहा आणायला सांगितला होता. बाईंनी तो स्वतः नेऊन दिला आणि त्याच्यासमोर बसून त्याचीच फाईल उघडली. बिचाऱ्याला चहा काही गेला नाही.

आणि मग तो प्रश्न आला.

सरकारनं बांधून दिलेलं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचं, हे विधेयक बाईंनी आणलं होतं. त्यावर विरोधी पक्षाची जी बाई उठली तिला सगळं राज्य ‘तोफ’ म्हणून ओळखायचं. तोफेनं बाईंकडे बोट रोखून म्हटलं होतं, “तुमचा कायदा म्हणजे दार तिच्या नावाचं आणि किल्ली त्याच्या खिशात.” ती ओळ दुसऱ्या दिवशी घराघरांत गेली आणि आजही भांडणात, कोर्टात, जावयाला टोमणा मारताना लोक ती वापरतात. त्या दिवसापासून या दोघींमधून विस्तव जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्नसमारंभात यजमान एकीला या टोकाला बसवत, तर दुसरीला त्या टोकाला. सूनबाई तर निमंत्रण आलं की आधी फोन करून खात्री करून घेत.

“ते ऐकताना तुम्हाला काय वाटलं?” मुलीनं विचारलं.

याचं उत्तर बाईंकडे तयार होतं. वाईट वाटलं, पण लोकशाही आहे, चालायचंच. हजारदा दिलेलं उत्तर. पण आज बाईंनी ते दिलं नाही. उद्या कुणीच नसेल, तेव्हा हा आवाज असणार. आज खोटं बोललो तर ते आपल्यामागेही बोलतच राहणार, आणि तोफ आपली वैरीण होती असंच कायमचं ठरणार. हे बाईंना सोसवेना. दुसरीकडे, दोघींनी एकमेकींना शब्द दिला होता की हे कुणाला सांगायचं नाही. बाईंनी आयुष्यात आश्वासनं पुष्कळ दिली, पण शब्द असा एकच दिला होता.

बंद ठेवून सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, अशी पळवाट बाईंनी काढली. मंत्रिपद काही उगाच मिळालं नव्हतं. सूनबाईंना त्यांनी औषधं आणायला पिटाळलं. मुलीनं यंत्रात नोंद केली की सूनबाई बाहेर गेल्या, आणि हा भाग बंद राहील.

“ती ओळ माझी आहे,” बाई म्हणाल्या.

तेव्हा सभागृहाच्या इमारतीत बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. मोडक्या खुर्च्या टाकायची एक खोली होती, तिला आतून कडी होती, म्हणून दोघी तिथे जात. आधी नुसत्या पाय मोकळे करायला, मग बोलायला. विधेयक बाईंचं असलं तरी बाईंच्याच पक्षातल्या पुरुषांना ते खुपत होतं, आणि ते विधेयक गुपचूप पाडायचा त्यांचा बेत होता. समोरचेही तेच करणार होते. अशा बाबतीत पुरुषांचे पक्ष दोन नसतात. तेव्हा बाईंनीच डोकं लढवलं. तोफेनं विधेयकाला विरोध करायचा, पण ते कडक आहे म्हणून नव्हे. लेचंपेचं आहे, बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येतं, म्हणून. इतकं झोडपायचं की बाईंच्या पक्षाला इज्जतीसाठी बाईंच्या मागे उभं राहावं लागेल. आणि आपली पुढारीणच कायदा अपुरा म्हणतेय म्हटल्यावर तोफेच्या पक्षालाही नको म्हणायला तोंड उरणार नाही. कुठला शब्द कुठे लागेल ते बाईंनी स्वतः लिहून दिलं, कारण आपलं वर्म आपल्यालाच ठाऊक. तोफ घोकत होती आणि मधेच हसून खुर्चीवरून पडत होती, कारण खुर्चीला पाय तीनच होते. विधेयक मंजूर झालं, तेही बायकोच्या सहीच्या अटीसकट.

मग मात्र भांडण मिटवायची सोय राहिली नाही. दोघी आतून मिळालेल्या आहेत असं बाहेर फुटतं तर दोघींचं राजकारण तिथेच संपलं असतं, आणि आता तोफेची मुलगी त्याच पक्षात पुढारपण करत होती. बाईंच्या मोबाईलवर तोफेचा नंबर ‘दातांचा डॉक्टर’ या नावानं होता. बाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता, तरी हा डॉक्टर आठवड्यातून दोनदा तास-तासभर बोलायचा, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एवढं सांगून बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी यंत्राचं चार्जिंग बघत होती.

बाईंचा ग्लास हातातच राहिला. मतमोजणीआधी कार्यकर्त्याचं तोंड बघून निकाल ओळखणारी बाई ती. राज्यातल्या सगळ्यात गाजलेल्या भांडणाची हवा आपण काढली, आणि या पोरीनं ना तोंड वासलं, ना डोळे विस्फारले.

“तिनं तुला आधीच सांगितलंय,” बाई म्हणाल्या.

एकीचं बंद ठेवलेलं दुसरीला सांगायची मुलीला मुभा नव्हती. पण तिचे कान लाल झाले, आणि कानांना कुठला नियम लागू होत नाही.

बाईंना संताप आला. शब्द आपणही आत्ताच मोडला होता हे त्या सोयीस्करपणे विसरल्या. पहिल्यांदा तिनं मोडला, हे खरं लागलं. त्यांनी तिथल्या तिथे दातांच्या डॉक्टरला फोन लावला. हातांना कंप असल्यामुळे फोन त्या टेबलावर ठेवूनच बोलत, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू येईल असं.

“तू सांगितलंस,” बाई म्हणाल्या.

पलीकडून तोफ म्हणाली, “बंद ठेवून सांगितलं. ते सांगणं नव्हे.”

बाईंना हसू फुटायला लागलं, पण त्यांनी ते दाबलं. “ओळ कुणाची म्हणून सांगितलीस?”

“तुझी. पण ती म्हणायला छाती लागते, ती माझी.”

“आणि तुझ्या मुलीचं काय?”

“तिला कधीचं माहितीये, आणि तिला त्याची फिकीर नाही. म्हणते, वैरिणी एकमेकींना गोळी घेतलीस का म्हणून विचारतात होय? मीच बावळट, इतकी वर्षं बाथरूममधून बोलत राहिले.” मग तोफेचा आवाज खाली आला. “अगं, आता पुरे झालं. मला तुझ्याशेजारी बसायचंय.”

बाईंनी नुसतं हं केलं आणि चष्मा काढून पुन्हा पुसला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. सूनबाई औषधांची पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी ऐकायचं ते सगळं ऐकलं होतं. “म्हणजे आई,” त्या म्हणाल्या, “दरवेळी तुम्हाला लांबच्या टोकाला बसवण्यासाठी मी लोकांच्या हातापाया पडत होते, ते उगाचच?” बाईंनी सुनेपुढे कधी नव्हे ती मान खाली घातली. सूनबाई दोन दिवस फुगून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोफेला घरी बोलावलं, यंत्रवाल्या मुलीलाही.

तोफ काठी टेकत आली, आपल्या लेकीचा हात झिडकारत आली आणि बसायला जागा शोधू लागली. सूनबाईंनी खुर्ची आणून बाईंच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली. तोफेनं आधी वाकून तिचे चारही पाय तपासले आणि मग बसली. बंद ठेवलेलं सगळं खुलं करायचं, असं दोघींनी मुलीला सांगितलं. मुलीनं यंत्र सुरू केलं, तारीख सांगितली आणि म्हणाली, “बाई, खोलीत कोण कोण आहे ते आज तुम्हीच सांगा.”

बाईंनी घसा साफ केला. हजारोंच्या सभा गाजवल्या होत्या, पण या वाक्याला आवाज खालीच राहिला.

“मी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ही माझी मैत्रीण आहे.”

तोफेनं काठी जमिनीवर आपटली. “मोठ्यानं बोला. मागच्या बाकांना ऐकू आलं नाही.”

बाईंनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.