दुसऱ्या गिअरवरचा हात

आमची जीप म्हातारी, पण चिखलात चारी चाकांनी ओढायला लागली की तरण्या गाड्यांनी वाट सोडावी. खोड एकच. उतारावर दुसरा गिअर टाकला की तो आपोआप निसटायचा आणि भाजीच्या पोत्यांसकट गाडी मोकाट सुटायची. म्हणून गावाहून नेरडीगोंड्याच्या बाजाराला निघालो की हे गिअर टाकायचे आणि मी शेजारी बसून दांडा गच्च धरायचे. यांचा हात निघाला की तिथं माझा पडायचा. कितीतरी वर्षं असंच चाललं. बाजारातल्या बाया म्हणायच्या, राहीबाई अर्धी डायवर आहे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा मात्र गिअर हातानंही थांबेना. शेवटी यांनी गाडी हायवेवरच्या महिपत मिस्त्रीकडे टाकली. त्यानं आतला पत्रा काढला, खाली जॅक लावून गिअरबॉक्स उतरवला आणि त्यातलं एकेक दातेरी चाक रॉकेलमध्ये धुतलं. बेअरिंगं गेलेली, दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले. नागपूरहून सामान आलं. सगळं बसवायच्या आधी मिस्त्रीनं एक लोखंडी काटा माझ्यापुढे धरला. गिअर सरकवतो तो हा. एका बाजूनं झिजून पार पातळ झाला होता.

"वैनी, दांड्यावर सारखा दाब राह्यला का काटा असा घासते. आता हात लावू नका. गिअर जाग्यावरच राहीन."

"घ्या!" हे हसून म्हणाले. "म्हंजे हिनंच खाल्ला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी दरीत जाऊ नये म्हणून मी हात दुखेस्तोवर धरून बसायचं, आणि खाल्ला मीच! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

घरी आल्यावर वर आणखी म्हणाले, "आता तू घरीच रायजो. आराम कर. मी एकटाच जाईन."

मायेनं म्हणाले, कळत होतं मला. पण जीपमधली ती जागा माझी होती. ती गेली तर मी नुसती घरात बसून काय करू? तोंडानं मात्र "बरं" म्हटलं.

बाजाराच्या दिवशी हे एकटे गेले. मी मेथीच्या वाफ्याला पाणी देत होते. जीप उताराला लागल्याचा आवाज आला, एकसारखा, कुठं अडखळला नाही. गाडी नीट उतरली म्हणून मला रडू आलं. असलं रडू कुणाला सांगता येतं?

संध्याकाळी परत आले. टोपल्या रिकाम्या. ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"पुढच्या बाजाराले तू चाल."

"काऊन? माल तं खपला."

"खपला."

"मंग गिअर उडला का?"

"नाई. घट्ट बसून राह्यते." हे आपल्या तळहाताकडे बघत होते. "दुसरा टाकला का मी दांडा सोडतो, तुहा हात यावा म्हून. आज जाता-येता वाट पायली. थो आलाच नाई. लय सुनं वाटलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला, तरी म्हटलं, "मिस्त्रीनं हात लावू नका म्हणलं ना?"

"दांड्याले म्हणलं."

पुढच्या बाजाराला उतारावर दुसरा गिअर पडला. यांचा हात दांड्यावरून निघाला आणि माझ्या हातावर येऊन बसला.

"स्टेरिंग धरा दोन्ही हातानं!" मी खेकसले. त्यांचा हात मात्र मी सोडला नाही.