हसण्याची तालीम

शिलाईवालीच्या पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन वर्ष उलटलं होतं. वहीचं एकच पान, आणि तेही पुरतं भरलेलं नव्हतं.

'सर, ताई आली होती. कर्जाला जामीन राहतेस का म्हणाली. तुम्ही शिकवलं तसं मी नाही म्हणाले. त्याचं काही वाटत नाही, नकार माणूस विसरतं. पण ती बोलत असताना मी हसले. ती तशीच उठून गेली. आता तिच्या दारात जाऊन काय म्हणू? तेवढं एक वाक्य लिहून पाठवा. तुम्हाला वाक्यं सुचतात.'

सरांचा जन्म छापखान्यात दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर रिकामा वेळ खायला उठला, म्हणून ते एका संस्थेत स्वयंसेवक झाले. संस्था वस्तीवस्तीत 'पत आणि पैसा' नावाचे फुकट वर्ग घेई. कर्जाच्या कागदावरचं बारीक अक्षर कसं वाचायचं, हप्ता चुकला की पत कशी घसरते, शिल्लक कशी टाकायची, हे सगळं बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर शिकवी. त्याचा आवाज असा की माईक लाजावा. उरलेला एक धडा कुणालाच नको होता, तो सरांच्या गळ्यात पडला: नातेवाइकांना नाही कसं म्हणायचं. वस्तीत निम्मी माणसं बुडाली होती ती दुसऱ्यासाठी केलेल्या सहीपायी.

चार माणसांसमोर सरांच्या तोंडाला कुलूप लागे. पहिल्या दिवशी फळ्यावर 'भीड ही भिकेची बहीण' एवढं लिहून झालं आणि पुढे शब्द फुटेना. शेवटी घाम पुसायचा टॉवेल खांद्यावर टाकून ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि उसने मागायला आलेल्या मेहुण्याचं सोंग काढलं. "काय दाजी, तब्येत सुधारली हो तुमची! आमचं बघा, विजार गळायला लागलीय." वर्ग खो-खो हसला. सरांना उभ्या आयुष्यात कुणी असं हसून दाद दिली नव्हती. घरी जाताना त्यांची चालच बदलली होती. पुढे लोक त्यांना उधारमामा म्हणू लागले आणि ते त्यांना आवडू लागलं.

मग त्यांनी पद्धतच बसवली. "तुमचं माणूस नेमकं काय बोलतं ते सांगा," ते म्हणत. "अगदी त्याचेच शब्द. मी ते बोलतो, तुम्ही नकाराची तालीम करा." शिलाईवाली शाळेचे गणवेश शिवायची, दोन मशिनी घेण्याइतकी पत तिला उभी करायची होती. तिनं लाजत लाजत थोरल्या बहिणीचं वाक्य दिलं: "पाठीवर बसवून शाळेत नेत होते गं तुला, तेव्हा मागितला का हिशेब?"

सरांनी कंबरेत वाकून, नाकातून, रडका सूर काढून ते म्हटलं. बाया पोट धरून हसल्या. सगळ्यात जास्त शिलाईवाली हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बघा," सर म्हणाले, "हसू आलं की भीड मोडते." दर आठवड्याला फर्माईश होई, "उधारमामा, ते पाठीवरचं करा ना!" आणि दर आठवड्याला शिलाईवाली हसून हसून नाही म्हणे.

पुढे एक दिवस खरी ताई आली आणि तेच वाक्य बोलली.

पत्र सरांनी दोनदा वाचलं. उत्तर लिहायला ते बसलेही. पहिलं वाक्य उपदेशासारखं वाटलं, दुसरं पुस्तकी. आपण कोण सांगणारे, आपल्याला ना भाऊ ना बहीण, असं म्हणून कागद फाडले. एवढं होऊनही ते वाक्य त्यांनी सोडलं नाही. नव्या वस्तीत, नव्या वर्गात पहिलं हसू हमखास त्याच्यावरच फुटे. नाव कुठे घेतोय आपण कुणाचं, अशी ते मनाची समजूत काढत.

परवा वर्ग एका पतसंस्थेच्या हॉलमध्ये होता. वर्गाला बसल्याशिवाय कर्जाचा अर्ज घ्यायचा नाही असा तिथला नियम, त्यामुळे खुर्च्या भरलेल्या. सरांनी टॉवेल टाकला, कंबरेत वाकले, पाठीवरचं म्हटलं. हॉल दणाणला. दुसऱ्या रांगेतली एक बाई तेवढी हसली नाही. धुलाईच्या कारखान्यात काम करणारी असावी. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"उधारमामा, आज काय रंगलात!" खुर्च्या आवरता आवरता कॅशियर ओरडला आणि चहाला गेला. बाई हजेरीच्या टेबलाशी थांबून राहिली.

"सर, ते पाठीवरचं कुठून उचललंत?"

"असंच. लोक बोलतात तसं."

"लोक नाही बोलत. मी बोलते."

सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"शिवणकाम करते ना ती? भुवईवर खूण आहे? माझ्याच पाठीवरून पडली होती. त्या दिवशी आईनं मला फोडून काढलं होतं."

"बाई, ती टिंगल नव्हती हो. तो एक सराव..."

"टिंगल नव्हती, मग एवढी माणसं कशाला हसली? तुम्ही काय रडायला सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "वर्षभर मी काय म्हणत आले माहितीये? पोरगी घाबरली असेल. घाबरली की हसते ती, लहानपणापासूनची खोड आहे. जामीन नाही तर नाही. मी खाजगीतून काढले पैसे, दामदुपटीनं फेडले. आता सुट्टी मिळाली की आपणच जायचं तिच्याकडे, थोरली आहोत, असं ठरवलं होतं. आज कळलं, हसण्याची तालीम झाली होती. चार बायांत बसून."

"चूक माझी आहे. हसायला मी शिकवलं."

"हो. पण शब्द कुणी दिले?"

फळ्यावरचा 'भीड ही भिकेची बहीण' हा सुविचार सरांच्या पाठीमागे होता, तिच्या डोळ्यांसमोर. तिनं तो वाचला, नाक मुरडलं.

"जाऊ द्या. गाडीभाडं वाचलं माझं. तुमचा वर्ग फायद्याचा आहे." तिनं अर्ज पुढे सरकवला. "हजेरीची सही करा तेवढी. नाहीतर इथलेही नाही म्हणतील."

सरांनी सही केली. "मी तिला काही सांगू का? तुमच्याकडून?"

"माझ्याकडून एक शब्द नको. माझे शब्द खूप वापरलेत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सर टेबलाशी बसले आणि एकटाकी लिहून गेले.

'तुमची ताई काल वर्गात भेटली. सुट्टी मिळाली की ती आपण होऊन तुमच्याकडे येणार होती. आता येणार नाही. तिचं वाक्य मी तिच्यासमोर सोंग काढून म्हटलं आणि शंभर माणसं हसवली. तुमचं पत्र आल्यावरही मी ते म्हणत होतो. तुम्ही एक वाक्य मागितलं होतं. मी भारी वाक्य शोधत बसलो. "ताई, मी चुकले" एवढं तेव्हा पुरलं असतं. आता पुरेल असं वाटत नाही, तरी जा. ती दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. हसायला सरांनी शिकवलं, असं सांगा. तेवढ्यानं ती मानणार नाही, कारण शब्द तुमच्याकडून आले आणि हे तिला कळलंय. माझ्यापाशी याहून चांगलं काही नाही. तो धडा मी यापुढे घेणार नाही, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही.'

तपासायला घेतलं तर एक शब्द दोनदा पडला होता आणि शेवट कोरडा वाटत होता. नवा कागद काढायला त्यांनी खण अर्धा उघडला, मग बंद केला.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट वजनावर ठेवलं. "साधं की रजिस्टर, आजोबा?"

"लवकर पोचेल असं."

"एवढी घाई आहे तर फोन नाही का करायचा?"

सरांनी पैसे मोजून ठेवले. मुलीनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.