फांदीखालचा टेम्पो

झाडं छाटायचा धंदा नीट थाटायचा म्हणून आमच्या ह्यांनी जुना टेम्पो घेतला. करवत, कोयते, दोर, सगळं टपावरच्या लोखंडी पेटीत ठेवलं. "म्हणजे खाली फांद्या भरायला जागा मोकळी," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, उंची फार होतेय." पण बायकोचं ऐकतंय कोण!

पलसाण्याच्या गॅरेजातून टेम्पो थाटात डिंडोलीला आला आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या फांदीत घुसला. पेटीचं झाकण फांदीखाली दबलं. टेम्पो पुढे जाईना, मागे येईना. फांदी कापायची करवत पेटीत आणि पेटी फांदीखाली! मी पूजेचं ताट घेऊन उभी, हे नुसते गिअर बदलतायत. पुढे अख्खी गल्ली गोळा झालेली, मागे रिक्षांचे हॉर्न.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. नवं गिऱ्हाईक! ह्यांचा चेहरा खुलला. मलाही ऐकू यावं म्हणून मुद्दाम स्पीकर लावला.

"भाऊ, झाडं छाटणारे ना? तुमचा नंबर समोरच्या टेम्पोवर वाचला. जल्दी या, तो टेम्पोच फांदीत अडकलाय!"