यामिनीच्या शिष्यवृत्तीची बैठक

उमाकांत देवस्थळींनी चार बहिणींच्या लग्नांच्या बैठकी केल्या आणि चारही बैठकींत ते सपाटून हरले. मुलीकडच्यांनी हरायचंच असतं अशी त्यांची समजूतच होती. समोरच्याने तोंड उघडायच्या आत 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं, आणि शेवटी हात जोडून 'पोरीला पदरात घ्या' म्हणून मोकळं व्हायचं. या शास्त्रात त्यांचा हात धरणारा अख्ख्या देवस्थळी कुळात कुणी नव्हता. पंचाईत एवढीच, की दुसरं कुठलंही बोलणं त्यांना करता येत नसे.

बँकेने बदली केली तसे ते चेन्नईला आले, वेलचेरीत फ्लॅट घेतला आणि हप्ते फेडता फेडता इथलेच झाले. एकुलती एक लेक यामिनी मराठीत जेवायची, तमिळमध्ये भांडायची आणि उरलेल्या वेळात व्हॉलीबॉल खेळायची. पोरगी ताडमाड वाढली होती आणि राज्याच्या ज्युनियर संघात होती. बारावी झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला. उत्तम संघ असलेलं कॉलेज खाजगी, त्याची फी ऐकूनच यामिनीच्या आईने, जयवंतीबाईंनी, डोक्याला हात लावला होता. खेळाडू म्हणून कॉलेजने सगळा खर्च उचलला तर तिकडे जायचं, नाहीतर घराजवळच्या कॉलेजात. तिथे मैदानाच्या जागी पार्किंग होतं. त्या कॉलेजचं नाव काढलं की यामिनी पानावरून उठायची.

चाचणीत तिचा खेळ पाहून खाजगी कॉलेजचे क्रीडा संचालक एकोजी सर यांनी फोन केला, की रविवारी घरी येऊन बोलू. सर तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. "आपलीच माणसं हो!" उमाकांतराव हरखले, आणि तिथेच घात झाला. रविवारी सकाळी त्यांनी सोफ्यावर नवा अभ्रा घातला, जयवंतीबाईंना पोहे करायला लावले आणि यामिनीला सांगितलं, "ट्रे तू घेऊन ये."

"बाबा, मी ट्रॅकपँट घातलीय."

"असू दे. हळू चाल म्हणजे झालं."

एकोजी सर आले. पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी, बहुधा झोपतानाही असावी. "सरी, बरें, बैसतों," म्हणत बसले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. उंची किती? चष्मा आहे काय? काय खातीस? कुठलें जुनें दुखणें? एकेका प्रश्नागणिक उमाकांतराव आणखी आणखी मुलीकडचे होत गेले. मग सर म्हणाले, "पोरी, उडी मारून दाखीव." यामिनीने पंख्यापासून लांब सरकून अशी उडी मारली की बोटं छताला टेकली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं. सरांचे डोळे चमकले.

"बेस!" ते म्हणाले. "फी कॉलेज भरेल."

"छे छे, सगळी कशाला? अर्धी आम्ही भरू की," उमाकांतराव म्हणाले.

जयवंतीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा माणूस तिथेच गप्प झाला असता.

"होस्टेल, जेवण, तेंही कॉलेजचें."

"त्याची काय गरज? घरून जाऊन येऊन करेल. बूट, कपडे आमच्याकडे लागले. तुमच्या पायाशी आहे पोर, सांभाळून घ्या."

"बाबा!" यामिनी किंचाळली. "तुम्ही मला उजवताय का?"

सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आजवर त्यांना भेटलेला प्रत्येक बाप जास्त मागायचा. एकाने तर मुलाच्या प्रवेशाबरोबर स्वतःला कॉलेजात नोकरी मागितली होती. कमी करा म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि यामिनीच्या पायांकडे संशयाने पाहिलं.

"खरें सांगा. पोरीच्या गुडघ्याला कांहीं आहे काय?"

"नाही हो!"

"मग इतकें स्वस्तांत कां देतां? अय्यो, मीही पुष्कळ पाहिलें आहे. पुढल्या आठवड्यांत कळवितों." आणि सर उठलेच.

यामिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. रडणारी पोर नव्हे ती, पण तिचा ओठ थरथरला. तो पाहिला मात्र, आणि उमाकांतराव दाराशी आडवे उभे राहिले. पोरीत काडीची खोट नव्हती. खोट त्यांच्या जिभेला होती, आणि तिच्यापायी पोरीला पार्किंगमध्ये बी.कॉम. करावं लागणार होतं.

"बसा, सर," ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "माझी मुलगी तुम्हाला हवी आहे. तेव्हा मी सांगतो ते ऐका. फी पूर्ण तुमची. जेवण, बूट, कपडे तुमचे. होस्टेलही तुमचं. पहाटे पाचला सराव, ती वेलचेरीहून काय उडत येणार आहे?"

"आमा, होय, तेंच तर मी म्हणत होतों..."

"माझं संपलेलं नाही. तुम्हीच गुडघ्याचं काढलंत. उद्या तुमच्यासाठी खेळताना तिचा गुडघा गेला, तर?"

सर घुटमळले. "मदत दरसाल नवी होते. जी खेळत नाही, तिची थांबते."

"म्हणजे मोडली की माहेरी पाठवणार? मग जमायचं नाही. मुलगी देत नाही आम्ही."

उभ्या जन्मात उमाकांतरावांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. जयवंतीबाई मट्कन खाली बसल्या. इतका वेळ बापाने मागावं म्हणून तळमळणारी यामिनी आता त्याने थांबावं म्हणून त्याची बाही ओढू लागली. उमाकांतराव हलले नाहीत.

सर फोन घेऊन बाल्कनीत गेले. तिथे बराच वेळ तमिळमध्ये हातवारे झाले. परत आले ते घाम पुसत. "सरी. मैदानावर दुखापत झाली तर शिक्षण पुरें होईतों मदत चालू. लिहून देऊं. आळस करील तर मात्र नाहीं."

"आळस केला तर मीच घेऊन जाईन," उमाकांतराव म्हणाले.

सरांनी उरलेले पोहे संपवले, आणखी मागून घेतले आणि गेले. यामिनीने घरभर नाच केला. खालचे पुन्हा ओरडले. होस्टेलमध्ये उशी मिळते की न्यावी लागते, डबे किती चालतात, याची मायलेकींत चर्चा सुरू झाली. उमाकांतराव मात्र सोफ्यावरचा नवा अभ्रा सारखा करत बसले होते. जरा वेळाने यामिनीने पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले.

"काय झालं? सगळं मिळालं की!"

"हो ना. तू घरून जाऊन येऊन करशील असं वाटलं होतं मला."

"बाबा, होस्टेल तुम्हीच मागितलंत!"

"मागितलं," उमाकांतराव नाक पुसत म्हणाले. "सवय नाही ना मागायची. जरा जास्तच मागून बसलो."