बायडाबाईंच्या हातात थांबलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे, मित्रांनो. पण चहाचा नव्हे. कोल्हापुरातल्या एका लहानशा चर्चमध्ये, येशूच्या आठवणीत होणाऱ्या प्रभुभोजनाच्या दिवशी माझ्यातून सगळ्यांना द्राक्षांचा रस देतात. मंगळवार पेठेतल्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि आतून कल्हई केली. माझा एक कान जरा वाकडा बसला, तो अजून तसाच आहे.

मला एका गोष्टीचा गर्व आहे. जी माणसं या चर्चमध्ये पहिल्यांदा आली, त्यांना गावात कुणी भांड्याला शिवू देत नसे. पाणी वरून ओंजळीत ओतत. इथे मात्र एकाने ओठ लावले, की तोच मी दुसऱ्याच्या हाती. पहिल्या दिवशी एक म्हातारा मला धरून ढसाढसा रडला. तेव्हापासून रीत पडली: मला शेजाऱ्याच्या हाती देताना 'शांती असो' म्हणायचं, आणि मनात अढी असेल तर ती आधी मिटवायची.

पुढे रीत तेवढी उरली. मला घासूनपुसून लखलखीत ठेवत, आणि मीही त्यातच खूश होतो. स्तुती कुणाला नको असते!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चर्चमधल्या बायडाबाईंचा नवरा यल्लाप्पा एका इमारतीच्या मैल्याच्या टाकीत उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. त्या कामाचे ठेकेदार गणपतराव आमच्याच मंडळीतले. चर्चचं नवं छप्पर त्यांनीच घातलेलं. त्यांनी पोलिसांना सांगितलं, "पिऊन आपणहून उतरला." चर्चचे पाळकसाहेब मात्र दर रविवारी बायडाबाईंनाच क्षमा करायला सांगत. मी टेबलावरून ऐकायचो आणि मला स्वतःची लाज वाटायची.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. सगळे टेबलाभोवती गोल उभे राहिले. बायकांची रांग संपते तिथे पुरुषांची सुरू होते. शेवटच्या बायडाबाई, पुढचे गणपतराव. त्यांनी हात पुढे केला. बायडाबाई प्यायल्या नाहीत आणि त्यांनी मला सोडलंही नाही.

"त्यानं दोर मागितलेला की न्हाई, तेवढं सांगा. मग म्हणते शांती असो."

"देवाच्या घरात हे काय लावलंयस, बाई?"

"मग कुठं लावू? ठाण्यात तुमचंच ऐकत्यात की!"

सगळे खाली बघू लागले. पाळकसाहेबांनी मला बायडाबाईंच्या हातून घेतलं. वाटलं, आता मला गणपतरावांकडे देणार. पण त्यांनी मला टेबलावर ठेवून वर पांढरं फडकं टाकलं.

"आज भोजन इथंच थांबेल," ते म्हणाले. "यल्लाप्पाला बाहेर काढलं तेव्हा मी तिथं होतो. दोर नव्हता, मास्क नव्हता, दारूचा वासही नव्हता."

"छप्पर कुणी घातलं ते इसरू नका, साहेब."

"विसरलो नाही, म्हणूनच इतके दिवस गप्प होतो. चला बायडाबाई, ठाण्यात जबाब लिहून देतो."

दोघं बाहेर पडले. मागोमाग बायका निघाल्या, मग काही पुरुषही. माझ्यातला रस तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मित्रांनो, मला जरूर जपा, कल्हईही करा. पण मला हाती घ्याल तेव्हा शेजारी कोण उभं आहे ते बघा, आणि त्याच्यावर काय बेतलं आहे ते विचारा. गणपतरावांवरचा खटला अजून चालू आहे. मी दर वेळी बायडाबाईंपर्यंत जातो. त्या मला दोन्ही हातांनी धरतात, पण ओठ लावत नाहीत. "आधी न्याय हू दे," म्हणतात, आणि मला पुढे देतात. त्यांच्या वाट्याचा घोट मी राखून ठेवला आहे.