खुणेखालचा रकाना

मी एक जुना रकाना आहे. लांबीने चार बोटं, उंचीने दोन, रंगाने पांढरा. यात मिरवण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, इंटरनेटवरचं एखादं पान पुन्हा सापडावं म्हणून तुम्ही ब्राउझरमध्ये त्याची खूण करून ठेवता. पुस्तकात कागदाचा कपटा घालावा, तसंच. त्या खुणेला नाव असतं, पत्ता असतो. पूर्वी तिच्याखाली आणखी एक जागा असायची. या पानाबद्दल काही लिहायचं असेल तर इथे लिहा, एवढंच ती म्हणायची. ती जागा म्हणजे मी. बहुतेकांना लिहिण्यासारखं काही सुचायचं नाही. त्यांनी मला जन्मभर कोरा ठेवला. माझी तक्रार नाही. कोऱ्या रकान्याला कष्ट कमी.

मला घडवलं ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या एका मुलीने, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. तिला भूक लागली होती, म्हणून मी इतका साधा झालो. मग माझी घरोघर वाटणी झाली आणि माझ्या नशिबी आलं शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींचं दुकान.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. संगणक कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याच्या माथ्यावरच्या कॅमेऱ्याला मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चिकटपट्टी लावली होती. "कोण कुठून बघत असेल, काय नेम!" असं त्यांचं म्हणणं. चिकटपट्टी पुढे अर्धी सुटली. त्यामुळे मला दुकानाचा डावा भाग दिसायचा: कामाचा बाक, खिळ्यांना टांगलेले पट्टे, बॉबिनांचा पत्र्याचा डबा आणि मिस्त्रींची खुर्ची. उजवीकडचं माझं सगळं ज्ञान ऐकीव आहे.

मिस्त्रींची एक पद्धत होती. मशीन आलं की त्या जातीच्या मशीनच्या सुट्या भागांचं पान शोधायचं, त्याची खूण करायची आणि माझ्यात आपल्या हाताला कळलेलं लिहायचं. 'हिरवं मशीन, पडदेवाल्या बाईंचं. पट्टा एक बोट सैल ठेवणे. घट्ट केल्यास रुसते.' 'काळं, मोठं. आवाज येतो. येऊ द्यावा.' 'मालक म्हणतो तेल घातलं. घातलेलं नाही.'

नऊ वर्षांत अशा तीनशे चाळीस नोंदी झाल्या. मी मोजत असे. रकान्याला दुसरं काम काय?

"वहीत लिहा की!" काकू म्हणायच्या.

"वहीला तेल लागतं," मिस्त्री म्हणायचे. "याला लागत नाही." आणि तेलकट बोट पडद्यावर टेकवून गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझा सगळा मेंदू इथे आहे बघा." ते माझे चांगले दिवस होते. पडदा मात्र कायम बरबटलेला असे.

मग एका सकाळी मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. तीन महिन्यांनी ते दुकानात परत आले तेव्हा त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते: 'हां' आणि 'नाही'. आल्यावर ते खुर्चीत बसून राहत. गिऱ्हाइकं आधी त्यांच्याशी मोठ्याने बोलायची, जणू गेलेत ते कानच. पुढे बोलेनाशी झाली.

दुकान त्यांच्या पुतणीने हातात घेतलं. ती आधी चष्म्याच्या दुकानात होती, त्यामुळे बारीक स्क्रूंची तिला भीती नव्हती. बाकीचं शिकायला तिला मी होतो. मशीन आलं की ती खूण उघडायची, मला वाचायची, पाना उचलायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "अगदी मिस्त्रींचा हात आलाय हो!" हात मिस्त्रींचाच होता. माझ्यात ठेवलेला.

अशात एक सूचना आली. 'पुढच्या आवृत्तीत खुणेखालचा रकाना काढून टाकण्यात येत आहे. मजकूर हवा असल्यास जतन करून घ्या.' खाली दोन बटणं. 'जतन करा' आणि 'नंतर'.

पुतणीने चव्वेचाळीस वेळा 'नंतर' दाबलं. दर वेळी समोर गिऱ्हाईक उभं असायचं. काकूंनी अकरा वेळा कोपऱ्यातली फुली दाबली. दर वेळी चष्मा घरी राहिलेला असायचा. पुतणीला वाटे, काकू बघतील. काकूंना वाटे, शिकलेली पोरगी आहे, तिने बघितलंच असेल. सूचना वाचायची राहिली, ती राहिलीच.

तरीही दोन महिने माझा बाल बाका झाला नाही. मिस्त्रींचा नियम होता की मशीन सारखं बंद-चालू केलं की झिजतं. म्हणून संगणकही कधी बंद होत नसे, फक्त पडदा विझवत. आणि नव्या आवृत्तीला आत यायला ब्राउझर एकदा बंद होऊन उघडावा लागतो. ती बिचारी दोन महिने दारात ताटकळत होती. तिला घरात घेतलं काकूंनी. एका संध्याकाळी कुलूप लावताना त्या म्हणाल्या, "आत पंखा उगाच घरघरतोय, कशाला वीज जाळायची?" आणि त्यांनी संगणक रीतसर बंद केला. त्या दिवसापासून रोज करू लागल्या.

दुसऱ्या सकाळी खुणा होत्या, नावं होती, पत्ते होते. मी नव्हतो.

आणि त्याच सकाळी पडदेवाल्या बाई हिरवं मशीन घेऊन दारात. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच येत होतं.

"जड चाललंय, पोरी. आणि मधेच अडतंय. शाळेच्या सभागृहाचे पडदे घेतलेत मी. पंधरा दिवसांनी उद्‌घाटन आहे. वेळेवर दिले नाहीत तर पुन्हा मला कोण काम देणार?"

पुतणीने खूण उघडली. मग बंद केली. मग पुन्हा उघडली. "काकू, काकांनी लिहिलेलं कुठे गेलं?"

"मी काही केलं नाही हं!" काकू म्हणाल्या. माणसं हे वाक्य कधी म्हणतात, त्याचीही मोजदाद मी ठेवली आहे.

पुतणीने अंदाजाने पट्टा घट्ट केला.

"नाही," खुर्चीतून आवाज आला.

"अगं, तहान लागलीय त्यांना," काकू म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

मशीन दोन दिवसांत परत आलं. पुतणीने पट्टा आणखी घट्ट केला. "नाही." काकूंनी पाणी दिलं. मशीन पुन्हा आलं. पडदेवाल्या बाई म्हणाल्या, "मिस्त्रींच्या हाताखाली गुणी होतं गं. तुझ्याशी सवतीसारखं का वागतंय?" पुतणी हसली नाही.

तिने ब्राउझरवाल्यांना तक्रार लिहिली. उत्तर फार सभ्य आलं. 'अभिप्रायाबद्दल आभार. हा रकाना शंभरातला एकही माणूस वापरत नसल्याचे आढळल्याने तो काढण्यात आला आहे.'

"शंभरात एक नाही म्हणे!" पुतणी भडकली. "इथे तिघांतले तिघं वापरतो!"

खरं तर दोघं. काकूंनी मला कधी हात लावला नव्हता. पण रागात माणूस आपल्या बाजूची डोकी वाढवूनच मोजतो.

मग तिने तक्रारदारांच्या चर्चेत लिहिलं. तिथे तीनशे माणसं आधीच भांडत होती. कुणाचं बटण गेलं होतं, कुणाला नवा रंग खुपत होता, एकजण नुसताच शिव्या देत होता. त्या गर्दीतून चौदाव्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर एका ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं. पुतणीने ते मोठ्याने वाचलं.

"'ब्राउझर रोज उघडला की खुणांची एक प्रत आपोआप ठेवतो. अशा पंधराच प्रती राहतात. नवी आली की सर्वांत जुनी जाते. जुन्या प्रतीत तुमचा मजकूर असेल. आता ब्राउझर उघडू नका.'"

तिने बोटांवर मोजलं. मी आधीच मोजलं होतं. दुकान चौदा सकाळी उघडलं होतं आणि चौदा प्रती गेल्या होत्या. मी एका प्रतीत उरलो होतो. उद्याच्या सकाळपर्यंत.

"काकू, त्याला हात लावू नकोस!"

"मी काही केलं नाही!" काकू माऊसवरून हात उचलत म्हणाल्या.

ग्रंथपाल बाईंनी पायऱ्या लिहिल्या होत्या. पुतणीने ब्राउझर न उघडता ती प्रत शोधली आणि पेनड्राइव्हवर घेतली. मग साध्या मजकुरासारखी उघडली. तीनशे चाळीस नोंदी एकामागोमाग एक, मधे ना जागा ना ओळ, पण सगळ्या. तिचे डोळे भरून आले. समोर पडदेवाल्या बाई चौथ्यांदा मशीन घेऊन बसल्या होत्या. हातात सुई नसली की त्यांना बसवत नसे, म्हणून त्या हातानेच पडद्याची कड शिवत होत्या.

"हे बघा! 'पट्टा एक बोट सैल ठेवणे.'" पुतणीने पट्टा बरोबर एक बोट सैल केला. बाईंनी पेडल दाबलं.

मशीन चार टाके जड चाललं आणि अडलं.

मित्रांनो, त्या अडण्याची जबाबदारी माझ्यावर येते. जे लिहिलेलं होतं तेच मी जपलं होतं. अक्षर न अक्षर.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

काकू पेला घ्यायला वळल्या.

"थांब काकू," पुतणी म्हणाली. ती खुर्चीजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसली. "काका, कशाला नाही?"

मिस्त्रींनी डावा हात उचलला. बऱ्याच वेळाने दोन बोटं सरळ झाली.

"दोन बोटं? दोन बोटं सैल?"

"हां."

"अगं बाई!" पडदेवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "गेल्या वर्षी त्यांनी चामडी पट्टा काढून रबरी घातला होता की! मीच विसरले."

पट्टा बदलला आणि माझ्यात लिहायच्या आधी मिस्त्रींना झटका आला, एवढीच गोष्ट. पुतणीने दोन बोटं सैल सोडली. मशीन चाललं. बाईंनी एक अख्खी कड शिवली, दुसरी शिवली आणि मशीन उचलून कुणाचा निरोप न घेता निघाल्या. त्यांच्याजवळ एकच दिवस होता. तो पुरला, असं नंतर काकूंकडून कळलं.

"म्हणजे चौदा दिवस हे..." काकू म्हणाल्या आणि हातातला पेला त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

आता मी पेनड्राइव्हवर असतो आणि पेनड्राइव्ह बॉबिनांच्या डब्यात असतो. डब्याचं झाकण नीट बसत नाही, म्हणून ऐकू येतं. मिस्त्रींची खुर्ची बाकाकडे तोंड करून ठेवली आहे. रोज दुपारी पुतणी नोंदी मोठ्याने वाचते, काका 'हां' किंवा 'नाही' म्हणतात, आणि ती वहीत लिहिते. वहीला तेल लागतं. आजवर दोनशे बारा 'हां' झाले, सव्वीस 'नाही'. 'मालक म्हणतो तेल घातलं' या नोंदीला ते दोन्ही म्हणाले नाहीत, नुसते हसले. तिने ती तशीच उतरवली.

ज्यांनी मला काढलं, त्यांच्यावर माझा राग नाही. शंभरात एकालाही लागत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबरही असेल. फक्त तो एक कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मित्रांनो, सूचना आली तर 'नंतर' दाबण्याआधी ती वाचा. आपलं लिहिलेलं दोन ठिकाणी ठेवा. आणि घरात कुणी 'नाही' म्हणालं, तर पाण्याचा पेला पुढे करण्याआधी, कशाला नाही, तेवढं विचारून घ्या.